गळक्या गाडीतला शिकाऊ

“बाई, तुमच्या गाडीतून पेट्रोल गळतंय आणि माझा बर्नर पेटलेला आहे!”

मी तेव्हा बॉनेटखाली कमरेपर्यंत वाकले होते. दचकून मान वर केली, डोकं खाडकन झाकणावर आपटलं आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. काजवे विझले तेव्हा समोर तो उभा होता. पांढरा कोट, कोटावर गुलाबी डाग आणि हातात एक चपटी, चकाकती सुरी.

“आधी ती सुरी खाली करा,” मी म्हणाले.

“ही? ही मेण कापायची आहे. मी दात करतो.”

“काय करता?”

“दात. कवळ्या. ही काय, तुमच्या गाडीच्या नाकासमोर माझी लॅब. आत दिवसभर ज्योत पेटलेली असते आणि तुमच्या गाडीखाली हे... तळं.”

“मग विझवा ना ती ज्योत! बोलत काय उभे राहिलात?”

“विझवूनच आलोय. पण ‘पेटलेला आहे’ म्हटलं की माणसं लवकर ऐकतात.”

मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. डोकं चोळत मी म्हणाले, “हे बघा, गाडी पुढच्या मोकळ्या जागेत न्यायला हवी. सुरू करून चालणार नाही. तुम्ही स्टीअरिंग धरा, मी ढकलते.”

“मला गाडी येत नाही.”

“येण्यासारखं काय आहे त्यात? सरळ धरायचं!”

“सरळ म्हणजे... नेमकं कसं?”

शेवटी मी खिडकीतून हात घालून स्टीअरिंग धरलं आणि त्यानं मागून ढकललं. वारा भणाणत होता, गाडीच्या टपावरचा पत्र्याचा बोर्ड सारखा खडखडत होता. गाडी जागेवर लागल्यावर तो धापा टाकत पुढे आला, टपाकडे बघितलं आणि बोर्ड वाचला.

“ड्रायव्हिंग स्कूल,” तो म्हणाला. “तुम्ही शिकवता?”

“का, दिसत नाही तसं?”

“नाही, मला वाटलं तुम्ही फक्त ओरडता. मला शिकवाल?”

अशी सगळी सुरुवात झाली.

स्कूल माझ्या आत्याचं. गाडीही तिचीच, माझ्याहून वयानं मोठी. मी लहानपणापासून आत्याकडेच वाढले. ‘भिंगरी’ हे नाव तिनंच ठेवलं, कारण मी एका जागी बसत नाही. बसले तर पाय हलतो, पाय थांबवला तर बोटं टेबलावर वाजतात. “अगं भिंगरे, टेक की जरा!” आत्या म्हणायची. “तुला बघून माझेच गुडघे दुखायला लागतात.” पण गुडघे खरोखरच दुखत होते तिचे. तिनं शिकवणं सोडून टेबलामागची खुर्ची धरली होती आणि आता गाडी विकून स्कूल बंद करायच्या गोष्टी चालल्या होत्या. त्यातच गाडीचा जुना कार्बोरेटर मेला. कंपनीनं तो बनवणं कधीच थांबवलेलं, म्हणून आत्यानं दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचा नवाकोरा कार्बोरेटर आणून बसवला. दिसायला चांदीचा दागिना! आणि पहिल्याच आठवड्यापासून गळका.

मी त्याचं पॅकिंग बदललं. गळती थांबली आणि चारच दिवसांत पुन्हा सुरू झाली. झाकणाचे स्क्रू आवळले. पुन्हा तेच. माझ्या केसांना, ओढणीला, चहाच्या कपालासुद्धा पेट्रोलचा वास येऊ लागला.

आणि अशा गाडीत, माझ्या उजव्या हाताला, दातवाला येऊन बसला.

“क्लच सोडा... हळू... अहो, हळू म्हणजे—”

गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

“हळूच सोडला,” तो म्हणाला.

“तुमच्या हळूनं माझी मान मोडेल एक दिवस.”

“मोडू देऊ नका. मला दातांशिवाय काही बसवता येत नाही.”

तो वाईट शिकाऊ नव्हता. हात स्थिर होते, घाई नव्हती. पण रस्त्याकडे बघण्याऐवजी माणसांच्या तोंडांकडे बघायचा. सिग्नलला थांबलं की शेजारच्या गाडीतला माणूस जांभई देतोय का, फुटपाथवरची आजी हसतेय का, तेच.

“पुढे बघा! तिच्या तोंडात काय ठेवलंय?”

“कवळी. सैल आहे. बोलताना जिभेनं सावरतेय बघा.” मग जरा थांबून, “मी इतकी वर्षं दात करतोय, पण ते घालून हसणारा एकही माणूस मी पाहिलेला नाही. डॉक्टर जबड्याचा ठसा पाठवतात, मी दात पाठवतो. कुणाच्या तोंडात जातात... देव जाणे.”

म्हणून त्याला नवी नोकरी हवी होती. लांबच्या एका गावात मोठी लॅब होती. तिथल्या माणसाला दवाखान्या-दवाखान्यांत स्वतः गाडी घेऊन जायचं होतं, माणसाला समोर बसवून दात लावून बघायचे होते. जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती, पण लायसन्स असेल तरच. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं, नाहीतर ती दुसऱ्याला.

“छान,” मी म्हणाले आणि डॅशबोर्डवर बोटं वाजवायला लागले.

“तुमचा एक दात,” तो एकदम म्हणाला, “वरचा, डावीकडचा... जरासा पुढे आहे.”

“माहीत आहे. रस्ता बघा.”

“कुणी सरळ करून घ्या म्हणालं तर घेऊ नका.”

“का?”

“तुम्ही हसायच्या आधी तो हसतो.”

त्या दिवशी मी त्याला गिअर बदलायला सांगायचंच विसरले. गाडी पहिल्या गिअरमध्ये बोंबलत अख्खा रस्ता चढली.

मग माझं काहीतरी बिनसलं. सकाळी त्याच्या वेळेच्या आधी मी काच पुसायची, पुसलेली पुन्हा पुसायची. तो दोन मिनिटं उशिरा आला की चिडायची, वेळेवर आला तरी चिडायची. गिअरच्या दांड्यावर त्याच्या हातावर माझा हात पडायचा... “तिसरा असा,” मी म्हणायची आणि हात काढून घ्यायला जरा उशीरच व्हायचा. त्याचे कान लाल व्हायचे आणि गाडी उजवीकडे जायची.

मला कळत होतं. मी लोकांना जायला शिकवते — हाच माझा धंदा. क्लच शिकतात, वळणं शिकतात, लायसन्स घेतात आणि भुर्र. मी मात्र त्याच चार गल्ल्यांतून रोज गोल गोल फिरते. एवढ्या वर्षांत याचं काही वाटलं नव्हतं. आता मात्र प्रत्येक नीट घेतलेलं वळण मला टोचायला लागलं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही मैदानात गेलो. रांगेत उभं असतानाच बॉनेटखालून तो ओळखीचा वास आला. परीक्षक जवळ आले, नाक मुरडलं, वाकून खाली बघितलं.

“ही गाडी आहे की रॉकेलची टाकी?”

“पेट्रोल आहे, साहेब,” दातवाला नम्रपणे म्हणाला.

“घेऊन जा ही! दुरुस्त करा, मग या. पुढच्या आठवड्यात एक दिवस देतो, तो शेवटचा.”

परत येताना खरं सांगते... माझ्या मनात काहीतरी टुणकन उडालं होतं. आणखी एक आठवडा! आणि पुढच्या आठवड्यातही गळली तर... मग तो कुठेच जाणार नाही. मी खिडकीबाहेर तोंड केलं, कारण चेहऱ्यावर ते दिसलं असतं.

घरी आत्यानं चहाचा कप पुढे केला. मी कप हातात घेऊन खोलीभर येरझारा घालत राहिले.

“त्याची परीक्षा गेली, तर तू का पिंजऱ्यातल्या वाघासारखी फिरतेस?” आत्या म्हणाली.

“गाडीचा विचार करतेय.”

“हो का? गाडीचा,” आत्या म्हणाली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मी उरलेला चहा मोरीत ओतून सरळ बाहेर पडले.

मी कार्बोरेटर काढला. खोका छातीशी धरून तडक त्याच्या लॅबमध्ये गेले.

“ज्योत विझव,” मी दारातूनच म्हणाले. “आणि खिडक्या उघड.”

त्यानं दोन्ही केलं. मग म्हणाला, “आज ‘अहो’ नाही?”

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. “घाईत आहे,” मी म्हणाले. “ये, धर हे.”

त्याच्या टेबलावर सगळीकडे जबडे होते. प्लास्टरचे, पांढरे, तोंडं वासलेले. त्यांच्यामध्ये कागद पसरून मी कार्बोरेटर उघडला. त्याला समजावलं, कारण समजावताना तरी माझी बोटं गप्प राहतात.

“हे बघ. याच्या पोटात ही छोटी वाटी. पेट्रोल इथून येतं. वाटी भरत आली की हा फ्लोट वर येतो. पितळेचा पोकळ डबा आहे, तरंगतो. वर आला की तो या सुईला ढकलतो आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते.”

“आणि वर आलाच नाही तर?”

“तर पेट्रोल येतच राहतं. वाटी भरून वाहते. पण सुई मी नवी टाकलीय, पॅकिंग नवं आहे...”

त्यानं फ्लोट उचलला. दोन बोटांत, एखादा दात धरावा तसा. कानाशी नेला आणि हळूच हलवला.

“भिंगरी,” तो म्हणाला. आत्याकडून ऐकलं असणार त्यानं. “हा पोकळ असतो ना?”

“हो.”

“मग यात काय वाजतंय?”

मी त्याच्या हातातून तो ओढूनच घेतला. हलवला. आत अगदी बारीक, चुबुक चुबुक. फ्लोटच्या पोटात पेट्रोल! कुठेतरी भोक होतं, आतून भरून तो जड झाला होता आणि तरंगायचं सोडून बुडत होता. आणि मी महिनाभर नुसती स्क्रू आवळत बसले होते!

“मूर्ख आहे मी,” मी म्हणाले.

“घाई आहे तुला,” तो म्हणाला. “ते वेगळं.”

मी किटलीत पाणी तापवायला सांगितलं, ज्योतीवर नाही, विजेच्या किटलीत, बाहेरच्या खोलीत. गरम पाणी वाडग्यात घेऊन खिडकीत ठेवलं आणि चिमट्यानं फ्लोट त्यात बुडवला. दोघं वाकून बघत राहिलो. डोक्याला डोकं लागलं, कुणी मागे घेतलं नाही. मग जोडाच्या कडेनं एक बुडबुडा निघाला... आणखी एक... मोत्यांच्या सरीसारखे एकामागून एक.

“तिथे!” दोघं एकदमच ओरडलो.

सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातूनच आतलं पेट्रोल वाफ होऊन निघून गेलं. फ्लोट वाजेनासा झाला, वास जात नव्हता तोही गेला. वारा कागद उडवत होता आणि मी त्यांवर जबडे ठेवत होते.

“वितळलेल्या कथलाचा डाख देऊन बुजवायचं,” मी म्हणाले. “पण थेंबभरच. जास्त झालं तर फ्लोट पुन्हा जड होईल आणि बुडेल. माझा हात थरथरतो असल्या कामात.”

“माझा नाही थरथरत,” तो म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढली.

विजेवर तापलेली डाखणी त्यानं जवळ आणली आणि मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. त्याचा हात थांबला. टोकावर डाखाचा चकाकता थेंब, खाली ते एवढंसं भोक. तो खूप वेळ थांबला. इतका की मी श्वास घ्यायचं विसरले. मग त्यानं हलकेच टेकवला आणि उचलला.

पुन्हा पाण्यात बुडवला. एकही बुडबुडा नाही. चिमटा सोडला तर फ्लोट टुणकन वर आला आणि तरंगायला लागला.

आम्ही हसलो. दोघांचं हसू अर्ध्यातच संपलं.

परीक्षेत तो पास झाला. गाडीखाली टिपूसभरही पेट्रोल नव्हतं. परीक्षकांनी मुद्दाम वाकून बघितलं. “आता कशी माणसात आली,” म्हणाले. तो कागद हातात घेऊन माझ्याकडे आला.

“मॅडम, पुढचा धडा कधी?”

“पुढचा धडा नसतो,” मी म्हणाले. “संपलं.”

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, मला विचारू नका. नव्या शिकाऊ बाईंना मी डावीकडे म्हणून उजवीकडे वळवलं. आत्याच्या टेबलावरच्या पेन्सिलींना टोकं करत बसले, सगळ्या बोटाएवढ्या होईपर्यंत. शेवटी आत्यानं पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.

“तो उद्या निघतोय. सामान आहे त्याचं, खोकी आहेत. भाड्याची गाडी शोधतोय म्हणे.”

“मग?”

“मग आपली काय गाडी नाही? का बैलगाडी आहे?”

“आत्या, ती तेवढी लांब कधी गेली नाहीये.”

“तूही गेली नाहीयेस,” आत्या म्हणाली. “दोघी जा.”

सकाळी आम्ही निघालो. मागच्या सीटवर खोकी, खोक्यांत प्लास्टरचे जबडे, प्रत्येक खड्ड्याला कटकट वाजणारे. तो चालवत होता. आमच्या चार गल्ल्या गेल्या, मैदान गेलं, मग मला अनोळखी असलेला रस्ता सुरू झाला. दोन्हीकडे उघडी माळरानं, वाऱ्यानं आडवं झालेलं गवत. मी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. खरं तर सांगायला काही उरलंच नव्हतं. तो सगळं बरोबर करत होता. ते सहन होईना.

एका झाडाखाली त्यानं गाडी बाजूला घेतली. इशारा दिला, आरशात बघितलं, गिअर काढला, हॅन्डब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. सगळं अगदी शिकवल्यासारखं.

“कुणी सांगितलं थांबायला?”

“कुणी नाही.” त्यानं स्टीअरिंगवरचे हात काढले नाहीत. “एक सांगायचंय. त्या दिवशी, फ्लोटवर डाख देताना मी थांबलो होतो. आठवतंय?”

“हो.”

“मी विचार करत होतो... आणखी एक थेंब टाकावा. कुणाला कळलं नसतं. फ्लोट बुडाला असता, गाडी गळली असती, परीक्षा गेली असती. नोकरी गेली असती. आणि मी रोज सकाळी तुझ्या शेजारी बसलो असतो.”

वाऱ्यात झाडाची पानं सळसळत होती. माझा पाय हलायचा थांबला होता. माझा मलाच पत्ता लागला नाही, कधी.

“मग का नाही टाकलास?”

“रोज त्या गाडीत तू बसतेस,” तो म्हणाला. “गळक्या गाडीत तुला बसू देऊ? मग... नाही जमलं.”

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं.

“मलाही तेच वाटलं होतं,” शेवटी मी म्हणाले. “मैदानातून परत पाठवलं ना, तेव्हा मला आनंद झाला होता. इतका आनंद... की तुझ्याकडे बघता येईना. मग तो कार्बोरेटर उचलून तुझ्याकडे आले, कारण घरी आणखी थोडा वेळ बसले असते तर आणलाच नसता. तुला ती माणसं बघायची आहेत ना, तुझे दात घालून हसणारी? मी कशी आड येऊ?”

तो वळला. पहिल्यांदाच त्यानं चालकाच्या जागेवर बसून रस्त्याऐवजी सरळ माझ्याकडे बघितलं आणि मी ओरडले नाही.

“आवडतेस तू मला,” तो म्हणाला. “ओरडतेस तेव्हासुद्धा. तेव्हा जास्तच.”

“मी फार ओरडते.”

“म्हणूनच तर.”

त्यानं हात पुढे केला. या वेळी मध्ये गिअरचा दांडा होता, पण गिअर बदलायचा नव्हता. मी माझी बोटं त्याच्या बोटांत घातली आणि ती न वाजवता तशीच राहू दिली. बराच वेळ.

“आता काय?” मी म्हणाले. “तू तिथे, मी इथे. सुट्टीला येशील, मी वाट बघेन... मला वाट बघता येत नाही रे. मी वेडी होईन. आत्याच्या पेन्सिली संपतील.”

“एक विचारू?” तो म्हणाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. “आत्याबाई स्कूल बंद करणार आहेत म्हणे.”

“गुडघे साथ देत नाहीत तिचे. गाडी मला देऊन टाकलीय. ‘पळव नाहीतर मोडीत काढ’ म्हणाली.”

“त्या गावात,” तो सावकाश म्हणाला, “पाच दवाखाने आहेत, दोन शाळा आहेत, एक मोठा बाजार आहे. सगळ्यांकडे गाड्या आहेत. आणि ड्रायव्हिंग स्कूल एकही नाही.”

“तुला काय माहीत?”

“मी फोन करून विचारलं.”

“कधी?”

“डाख दिल्यावर. तू गाडीत कार्बोरेटर बसवायला गेलीस ना... तू दाराबाहेर पडलीस आणि मी लगेच फोन उचलला.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. इतके दिवस! मी इकडे पेन्सिली झिजवतेय आणि हा शांतपणे शाळा मोजून बसलाय!

“आणि मला सांगितलं नाहीस? इतके दिवस मनात ठेवून बसलास? अरे, माणूस आहेस का कोण आहेस?”

“ओरडतेस,” तो आनंदानं म्हणाला.

“ओरडणारच! आत्याला खाली घर लागेल, जिने चालणार नाहीत. आणि बाजाराजवळ जागा हवी, शाळेजवळ नको, शाळेजवळ पोरं आडवी येतात.”

“म्हणजे ‘हो’ का?”

“चल, उतर,” मी म्हणाले.

“का?”

“मी चालवते. तू फार हळू चालवतोस. आपल्याला अंधार पडायच्या आत तीन-चार जागा तरी बघायला हव्यात.”

तो उतरला, गाडीला वळसा घालून आला, पण डावीकडचं दार अडवून तिथेच उभा राहिला. मला उतरू देईना. वाऱ्यानं त्याचे केस उभे केले होते. “आधी सांग,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हणाले. “हो, हो, हो! आता बाजूला हो.”